चंपाची दुर्बीण

पुण्याहून निघताना माझ्या सामानात दोन दिवसांचे कपडे होते, बहिणीने बळेच कोंबलेली कानटोपी होती आणि डुकरिणीच्या गर्भाशयाचं तोंड पाहायची दुर्बीण होती. कानटोपीबद्दल रेल्वेत कुणी विचारलं नाही.

मी गेली तीस वर्षं सूक्ष्मदर्शक दुरुस्त करते. शाळा-कॉलेजांच्या प्रयोगशाळा, रक्त तपासायची दुकानं, असं आमचं गिऱ्हाईक. दोन वर्षांपूर्वी आमच्या छोट्या कारखान्याच्या मालकांनी नवीन वस्तू काढली. हातभर लांबीची नळी, टोकाला लेन्स आणि दिवा, आणि आत जे दिसेल ते मोबाइलवर. डुकरांमध्ये कृत्रिम रेतन करताना आतली वाट दिसत नाही, माणूस अंदाजाने नळी सरकवतो आणि नेमक्या जागी ती बसली नाही की सगळं बाहेर सांडतं. आमच्या दुर्बिणीने ती जागा दिसते. पहिली दुर्बीण मागवली चंद्रपूरकडच्या मूल या गावाजवळच्या एका खेड्यातल्या वनिताबाईंनी. ती चालवून दाखवायला आमचा पोरगेला इंजिनिअर जाणार होता, पण निघायच्या आदल्या दिवशी त्याला गालफुगी झाली. मालक म्हणाले, "विद्याताई, लेन्स तुम्हीच बसवलीय. तुम्हीच जा."

"मी आयुष्यात डुकराला हात लावलेला नाही," मी म्हणाले.

"लेन्सला लावलाय ना?" मालक म्हणाले.

गोंदियाला गाडी बदलून वडशाला उतरले तेव्हा सकाळचे आठ वाजले होते. डिसेंबरची थंडी. फलाटावर तांदळाची पोती रचलेली, आणि स्टेशनबाहेर दिसेल त्या भिंतीवर नाटकांची पोस्टरं. हिवाळ्यात या झाडीपट्टीत (चंद्रपूर-गडचिरोलीकडचा झाडीजंगलाचा मुलूख) गावोगाव नाटकं होतात आणि नाटकवाल्या कंपन्यांचा मुक्काम वडशाला असतो, एवढं मी वाचून आले होते. पोस्टरांवर रडणाऱ्या बायका, रागावलेले इन्स्पेक्टर आणि प्रत्येकावर एक तरी बंदूक. मी तर्री पोहे मागवले. पोह्यांवर लाल तर्री ओतत टपरीवाल्याने माझ्या लांबोडक्या पेटीकडे पाहिलं.

"कोणत्या कंपनीतून आल्या जी?"

मी आमच्या कंपनीचं नाव सांगितलं.

"नवीन हाय वाटते. काय काम करता? माय?"

"काय?"

"मायचा पार्ट करता काय, नाटकात?"

मी म्हटलं, मी लेन्सचं काम करते. त्याने सहानुभूतीने मान हलवली. "असू द्या. पहिल्या वर्षी लहानच पार्ट भेटते."

तर्री इतकी जहाल होती की त्याला उत्तर द्यायला माझी जीभ शिल्लक नव्हती.

वडशात माझं एकच काम होतं. गावाबाहेर मोरेश्वरभाऊ नावाचे एक वराहपालक होते. त्यांच्या नराच्या वीर्याचे दोन डोस घेऊन मला वनिताबाईंकडे पोचायचं होतं. मोरेश्वरभाऊ पन्नाशीचे, अंगात स्वेटर, डोक्याला गमछा. त्यांच्याकडे एक जुना सूक्ष्मदर्शक होता. त्याचा आरसा इतका मळला होता की मला राहवलं नाही. मी पिशवीतून कापड काढलं आणि तो पुसून दिला. भाऊ खूश झाले. त्यांनी एक काचपट्टी दोन्ही तळव्यांत धरून चांगली उबवली, तिच्यावर एक थेंब ठेवला आणि म्हणाले, "पाहा."

मी तीस वर्षं सूक्ष्मदर्शकात पाहत आलेय, पण बहुतेक वेळा कांद्याचा पापुद्रा. इथे तर बाजार सुटल्यावर माणसं निघावीत तशी धांदल चाललेली.

"काच थंडी असली तं सगळे गपगार होतात," भाऊ म्हणाले. "माणसाले वाटते, मेले. काच गरम करून पाहाव लागते."

मग त्यांनी दोन डोस थर्माकोलच्या डब्यात ठेवले, आत एक थर्मामीटर खोचला आणि डबा माझ्या हाती दिला. "फ्रिजमंदी ठेवू नोका, उन्हात ठेवू नोका. सतरा-अठरा डिग्री. जास्त थंड झालं तं रुसते, जास्त गरम झालं तं रुसते. जावयासारखं सांभाळा."

मला जावई नाही. पण त्या दिवशी तो किती त्रासाचा असतो हे कळलं. दर दहा मिनिटांनी मी डब्याचं झाकण किलकिलं करून आकडा बघत होते.

वडशाहून मूलकडे जाणाऱ्या पॅसेंजरमध्ये खिडकी मिळाली. दोन्ही बाजूंना कापलेल्या धानाची खुंटं, मधूनच एखादं तळं आणि मग एकदम जंगल डब्याला येऊन भिडायचं. सागाची वाळकी पानं रुळांजवळ पडलेली. मी दुर्बिणीची पेटी वर फळीवर ठेवली आणि डोसांचा डबा मांडीवर घेतला. समोर एक बाई येऊन बसली. गोल चेहरा, कपाळावर मोठं कुंकू, बरोबर शेंगांनी भरलेलं एक अवजड बोचकं, ते तिने वर माझ्या पेटीला खेटून ठेवलं. नाव मंदाबाई. बसल्या बसल्या तिने चौकशी सुरू केली.

"वरच्या पेटीत काय हाय बाई?"

खोटं बोलायचं नव्हतं आणि खरं सगळं सांगायची हिंमत नव्हती. मी म्हटलं, "दुर्बीण."

"अग माय! म्हणजे तुम्ही दुर्बिणीच्या ऑपरेशनवाल्या?"

दुर्बिणीचं ऑपरेशन म्हणजे बायकांचं, मुलं बंद करायचं. मी घाईने म्हटलं, "नाही हो, मी डॉक्टर नाही."

"नर्स?"

"नाही."

"मंग दुर्बीण काऊन घेऊन चालल्या?"

मी वनिताबाईंच्या गावाचं नाव घेतलं आणि म्हटलं की तिथे एकीला दाखवायची आहे. मंदाबाईचे डोळे चमकले. ती त्याच गावची निघाली. "कोनाले? कोनाची सून?" मी गप्प बसले. ते गप्प बसणंच मला नडलं.

मूल स्टेशन जवळ आलं तशी मंदाबाईने आपलं बोचकं फळीवरून ओढलं आणि बोचक्याबरोबर माझी पेटी खाली आली. खण्णकन. मंदाबाई "बाप्पा बाप्पा" करत उतरली, मागे न पाहता ऑटोत बसली आणि गेली. मी फलाटावरच पेटी उघडली. नळी शाबूत, दिवा शाबूत. पण लेन्सच्या पुढची संरक्षक काच, शर्टाच्या बटणाएवढी, मधोमध तडकली होती. मोबाइलवर फलाट दोन तुकड्यांत दिसत होता.

वनिताबाईंना फोन लावला. पलीकडून आवाज आला, "ताई, चंपा कालपासून माजावर हाय. आज नाई झालं तं गेली वेळ. आन भासरे म्हणतात, आता शेवटचं. गाभण नाई राह्यली तं येत्या बाजारी इकून टाकू."

चंपा म्हणजे त्यांची डुकरीण. भासरे म्हणजे नवऱ्याचे मोठे भाऊ. मी "येते" म्हटलं, आणि कशी येणार याचा विचार नंतर करायला घेतला.

मूलच्या बाजारपेठेत तांदळाच्या गिरण्यांचा भुस्सा हवेत तरंगत होता. मी विचारत विचारत एका चष्म्याच्या दुकानात शिरले. दुकान आठ फुटांचं. मालक हनीफचाचा, साठीचे, पांढरी दाढी, नाकावर स्वतःचा चष्मा आणि कपाळावर दुसरा. मागे काचेच्या कडा घासायचं चाक होतं. ते चाक पाहून मला माहेर दिसल्यासारखं झालं.

मी तडकलेली काच त्यांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी ती उजेडात धरली, खालचा चष्मा काढून वरचा लावला आणि म्हणाले, "होऊन जाईल. सपाट काचेचा तुकडा आहे माझ्याजवळ. घासून गोल करून देतो. बसवाल तुम्ही?"

"बसवीन. गोंद आहे माझ्याकडे."

चाक फिरायला लागलं. आम्ही दोघं एकाच धंद्यातली माणसं निघालो. कुठली काच कडेला उडते, कुठली नाही, यावर बराच वेळ बोललो. मग त्यांनी सहज विचारलं, "कायले लावता हे? गळ्यात पाहाले?"

माझ्या तोंडात "हो" आलंच होतं. पण हा माणूस इतक्या निगुतीने घासत होता की मला फसवावंसं वाटेना. मी खाली बघून सांगून टाकलं. डुकरिणीसाठी.

चाक थांबलं. चाचांनी काच खाली ठेवली. मी म्हटलं, "तुम्हाला चालत नसेल तर राहू द्या. मी तशीच जाते. आधीच सांगायला हवं होतं मी."

"आतापर्यंत वापरली काय ही दुर्बीण?"

"नाही. कोरी आहे. आज पहिल्यांदाच."

चाचांनी दाढीवरून हात फिरवला. "मंग आज तं ती काचच आहे." चाक पुन्हा सुरू झालं. "पण बाई, एक गोष्ट. उद्या बिघडली तं इथी वापस नोका आणू. फोन करा. मी फोनवर सांगीन."

काच इतकी नेमकी बसली, तशी आमच्या कारखान्यातही बसत नाही. गोंद वाळेपर्यंत त्यांनी चहा पाजला, आणि डोसांचा डबा उन्हाच्या पट्ट्यात आलेला पाहून स्वतःच्या हाताने दुकानाचा पडदा ओढला. डब्यात काय आहे हे त्यांनी विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही.

ऑटोने गावात पोचले तेव्हा तीन वाजत आले होते. पिंपळाच्या पारावर वीसेक बायका बसलेल्या. मी उतरताच सगळ्या उभ्या राहिल्या. मंदाबाई पुढे झाली आणि विजयी मुद्रेने म्हणाली, "ह्याच त्या. दुर्बीणवाल्या."

पुढची दहा मिनिटं मला नीटशी आठवत नाहीत. एका सासूने सुनेला दंडाला धरून पुढे ढकललं. सून म्हणत होती, "मले नाई कराचं, मले अजून एक पायजे." गावची आशाताई हातात रजिस्टर घेऊन कडाडली, "मले न इचारता कॅम्प कोनं लावला?" एक आजोबा काठी टेकत आले आणि म्हणाले, "बाई, आधी माये डोये पाहा. दूरचं दिसत नाई." मी त्यांना म्हटलं, "आजोबा, ही डोळ्यांची दुर्बीण नाही."

"मंग कायची?"

अख्खा पार पुढे सरकला. मी सांगितलं.

आधी आशाताई हसली. मग ती सून, मग सगळा पार. मंदाबाई तेवढी हसली नाही. ती म्हणाली, "मंग तसं सांगाचं न बाई. मी चार घरी सांगून आली."

हसणं ऐकून वनिताबाई धावत आल्या. चाळिशीच्या आतबाहेर, किडकिडीत, पदर खोचलेला. त्यांनी माझ्या हातातला डबा असा घेतला की जणू त्यात बाळ आहे. जाताना रस्त्यात म्हणाल्या, "ट्रेनिंग घेतलं मी, ताई. दोनदा केलं, दोनदा गेलं. आता सगळे म्हणतात चंपा वांझ हाय." थोडं चालून त्या पुढे म्हणाल्या, "माया पोरीच्या आधी नऊ वर्षं मले बी म्हणत होते. म्हणून मले तो शब्द आयकू नाई वाटत."

मी पेटी या हातातून त्या हातात घेतली.

चंपा घरामागच्या सांदवाडीत (परसात) होती. काळीभोर, आडवीतिडवी, आणि माझ्याकडे तिने ज्या नजरेने पाहिलं तिच्यावरून तिलाही मी नाटकवालीच वाटले असणार. शेजारच्या कुडापलीकडे शेजाऱ्यांचा गावठी नर घुरघुरत होता; पिल्लं चांगल्या जातीची हवी होती, म्हणून त्याचं काम चंपाला वास देण्यापुरतंच. वनिताबाईंनी चंपाच्या पाठीवर दोन्ही हातांनी दाब दिला. चंपा कान ताठ करून खांबासारखी उभी राहिली. "पाहा, तयार हाय," त्या हळूच म्हणाल्या.

हळूच, कारण तणसाच्या (भाताच्या पेंढ्याच्या) ढिगाजवळ त्यांचे भासरे नामदेवभाऊ उभे होते. भासऱ्यांसमोर भावजयीने असल्या गोष्टी बोलायच्या नसतात, आणि भासऱ्यांनी पाहायच्या नसतात. म्हणून नामदेवभाऊ आमच्याकडे पाठ करून, तणसाकडे तोंड करून उभे होते. निघून मात्र जात नव्हते. कुंपणाबाहेर अर्धं गाव.

मी वनिताबाईंना दुर्बीण जोडून दिली, रेतनाची नळी तिच्या खाचेत बसवली, चंपाला धुऊन पुसून घेतलं. वनिताबाईंनी नळी आत सरकवली. मी मोबाइल धरला. पडदा पांढरा झाला. पूर्ण पांढरा. दिवा कमीजास्त केला. पांढराच.

"काय दिसून राह्यलं?" तणसाकडे तोंड करून नामदेवभाऊंनी विचारलं.

"धुकं," मी कबूल केलं.

"पुण्यावरून धुकं दाखवाले आल्या काय? धुकं तं आमच्या इथी रोज पडते."

कुंपणाबाहेर हशा पिकला. तीस वर्षं! चाचांची काच सुटली असेल, पाणी शिरलं असेल, मालक काय म्हणतील. एवढ्यात वनिताबाईंनी नळी बाहेर काढली, काचेला बोट लावलं आणि म्हणाल्या, "थंडीगार हाय न हे, ताई. चश्मा घालून भाताचं झाकण काढलं तं असंच होते."

अर्थात! थंड काच उबदार जागी गेली की तिच्यावर वाफ धरणारच. सकाळी वडशाला मोरेश्वरभाऊंनी काच उबवून सगळा धडा माझ्या डोळ्यांदेखत दिला होता, आणि मी त्यांचा आरसा पुसण्यात दंग होते. वनिताबाईंनी चुलीवरचं उकळलेलं पाणी आणून कोमट केलं. नळीचं टोक त्यात पाच मिनिटं ठेवलं, पुसलं आणि पुन्हा आत.

या वेळी पडद्यावर गुलाबी रंग उमटला. मऊ, ओल्या घड्या, एकापुढे एक. नळी सरळ जात होती. वनिताबाई एकदम थांबल्या.

"ताई, इथून तं दोन वाटा हायेत."

"खालची मूत्राशयाकडे जाते," मी इंजिनिअरने दिलेल्या कागदावरून वाचलं. "टोक थोडं वर उचला."

त्यांनी उचललं. घड्या संपल्या आणि समोर गर्भाशयाचं मिटलेलं तोंड आलं, घट्ट, वेटोळ्यांचं. वनिताबाईंनी नळी हळूहळू डावीकडे फिरवली. टोक त्या वेटोळ्यांत शिरलं आणि बसलं. त्यांनी जरासं मागे ओढून पाहिलं. सुटलं नाही.

"म्हणजे दोन्ही वेळी मी दारातच सांडून आली," त्या म्हणाल्या. मोठ्याने. भासऱ्यांच्या देखत.

डोस जोडला. तो दाबायचा नसतो, चंपा आपणहून ओढून घेते. पिशवी हळूहळू रिकामी होत गेली. चंपाचे डोळे मिटत आले.

"दाखवा न जरासं," तणसाकडून आवाज आला.

वनिताबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मोबाइल नामदेवभाऊंच्या खांद्यावरून पुढे केला. त्यांनी मागे न वळता तो घेतला, तणसाच्या सावलीत धरला आणि खूप वेळ पाहत राहिले.

"हे आपल्या चंपाचं हाय?"

"हो."

"लय बारीक कारागिरी हाय जी," ते म्हणाले. त्यांनी मोबाइल खांद्यावरून तसाच मागे दिला. मग घसा साफ करून तणसाला सांगितलं, "ह्या बाजारी नाई नेत. महिनाभर पाहू."

वनिताबाईंनी चंपाच्या पाठीवरचे हात उचलले आणि तिच्यापुढे मूठभर कोंडा टाकला.

जेवायला बसले तेव्हा त्यांची मुलगी आतून ओरडली, "आई, पाहुणीले पोपटाची भाजी वाढू?" माझा घास हातातच राहिला. दिवसभरात इतकं काही झालं होतं की हेही शक्य वाटलं. पण ताटात आल्या वालाच्या शेंगा. इकडे वालाला पोपट म्हणतात. शेंगा मंदाबाईने पाठवल्या होत्या, त्याच बोचक्यातल्या, नुकसानभरपाई म्हणून. जवसाची चटणी आणि नव्या तांदळाचा वाफाळता भात. मी तीनदा घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुसरा डोस वनिताबाईंनी एकटीने दिला. मी नुसती बाजूला उभी राहिले. पडद्याकडे त्यांनी दोनदाच पाहिलं. नंतर नामदेवभाऊंनी मला त्यांच्या बैलबंडीतून फाट्यापर्यंत सोडलं आणि वाटेत पुण्यात डुकराला काय भाव आहे ते विचारलं. मला माहीत नव्हतं. त्यांनी माझ्याकडे ज्या दयेने पाहिलं, तसं तीस वर्षांच्या नोकरीत कुणी पाहिलं नव्हतं.

परतीच्या गाडीत डब्याचं झाकण उघडून आकडा बघायची सवय सुटेना. डबा रिकामा होता.

तीन आठवड्यांनी वनिताबाईंचा फोन आला, चंपा पुन्हा माजावर आली नाही, म्हणजे गाभण राहिली. पुढचे महिने मी कॅलेंडरवर खुणा करत होते, आणि कारखान्यात सगळ्यांना माहीत होतं की विद्याताई कसल्या खुणा करतात. एप्रिलच्या उन्हात फोन वाजला.

"ताई, अकरा!"

मी सगळ्या कारखान्याला ऐकू जाईल असं "अकरा!" ओरडले. मालक धावत आले. त्यांना वाटलं ऑर्डर आली. त्यांनी फोन माझ्या हातातून घेऊन स्पीकरवर टाकला आणि विचारलं, "वनिताबाई, यंत्र कसं चाललंय? रोज वापरता ना?"

"लय कामाचं हाय साहेब. परवा बोरच्या पाइपात बेडूक अडकला होता, तो दिसला."

"पण डुकरांसाठी?"

"गावातल्या सात जणींच्या डुकरिणी केल्या मी. सातही राह्यल्या. त्याले दुर्बीण नाई लागली."

"नाही लागली?" मालकांचा चेहरा पडला.

"एकदा पाह्यलं न, साहेब. आता हाताले दिसते."

मालक फोन माझ्याकडे देऊन आत गेले. मला त्यांचं दुःख कळत होतं. एका गिऱ्हाइकाला एकदाच लागणारी वस्तू विकून कारखाना चालत नाही. पण विकलेल्या प्रत्येक यंत्राचा अहवाल मला भरावा लागतो आणि त्यात 'वापरणाऱ्याचं मत' असा एक रकाना असतो. आजवर मी त्यात 'समाधानकारक' असं लिहीत आले. त्या दिवशी वनिताबाईंचं शेवटचं वाक्य त्यांच्याच बोलीत, काना-मात्रा न बदलता, लिहिलं आणि खाली सही केली.